गळ्यातली जपमाळ : संत जोजफ वाझ

रविवारच्या मिस्साला फादर दहा मिनिटे उशिरा आले, तरी आपली चुळबुळ सुरू होते. श्रीलंकेतील जाफनाच्या कॅथॉलिक भाविकांनी मात्र जवळजवळ तीस वर्षे धर्मगुरूंची वाट पाहिली. १६५८ साली डचांनी जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले, धर्मगुरूंना हाकलून दिले आणि कॅथॉलिक उपासनेवर बंदी घातली. घरात धर्मगुरू लपवणाऱ्याला देहदंडाची भीती होती. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला शेवटचा अभ्यंग नाही.

ही हकिकत गोव्यात जोजफ वाझ या तरुण धर्मगुरूंच्या कानावर आली आणि तिने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आईच्या गावी झाला. वडील सांकवाळचे. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्टला, त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा गुलाम म्हणून लिहून दिले. श्रीलंकेला जायची इच्छा त्यांनी वरिष्ठांकडे बोलून दाखवली, पण १६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठवण्यात आले. तिथे अधिकार कोणाचा यावरून ख्रिस्तसभेतच भांडणे चालली होती! फादर वाझ यांनी ती तीन वर्षे सोसली, विस्कटलेली गावे सांधली आणि ते परत आले. त्या काळी युरोपियन संघांत स्थानिक धर्मगुरूंना सहसा प्रवेश नसे. म्हणून गोव्यात स्थानिक धर्मगुरूंनीच उभारलेल्या ऑरेटरीत ते १६८५ साली दाखल झाले. १६८६ मध्ये ते गोव्यातून निघाले आणि १६८७ साली जाफनाला पोहोचले. अंगावर मजुराचे कपडे होते आणि सोबत जॉन नावाचा एक विश्वासू सेवक.

पोहोचताच ते हगवणीने मरणाच्या दारी गेले. बरे झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला : कॅथॉलिक कोण, हे ओळखायचे कसे? विचारायची सोय नव्हती. चरित्रकार सांगतात की, ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून कोणाचे डोळे पाणावतात, कोण आत बोलावतो, यावर त्यांचे लक्ष असे. आम्हाला या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. चमत्कार त्यांच्या नावावर पुष्कळ आहेत, पण ही भीक मागणे आम्हाला अधिक जवळचे वाटते. एकदा विश्वास बसल्यावर रात्री दारे लावून मिस्सा होऊ लागली. डचांना सुगावा लागला, भाविकांची धरपकड झाली. फादर मात्र हाती लागले नाहीत.

१६९२ साली ते कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात शिरले. पोर्तुगिजांचा हेर म्हणून कोणीतरी चुगली केली आणि त्यांना कैदेत टाकले गेले. तिथे ते सिंहली शिकले आणि कैदेच्या आवारातच एक झोपडीवजा चर्च उभारले. हळूहळू राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा संशय फिटला आणि त्यांना मोकळीक मिळाली. अवर्षणात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, ही कथा तिथे आजही सांगतात.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. आजाऱ्यांना घरचेच टाकून पळाले. फादर वाझ आणि फादर जोजफ कार्व्हालो मागे राहिले. रोग्यांना पेज भरवायची, जखमा धुवायच्या, मेलेल्यांना पुरायचे, असे ते दिवस गेले. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिले नाही.

पुढे गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. १७०५ साली आलेल्या फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तामीळ भाषांत धर्मग्रंथ लिहिले. फादर वाझ यांना बिशपपद देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. गोव्याला ते परत गेलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्य घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनारी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला असतो.