डास मोजणारा डॉक्टर

२० ऑगस्ट हा दिवस जगभर 'डास दिन' म्हणून पाळला जातो. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादच्या छावणीत सर्जन मेजर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले आणि पुढे १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या पुस्तकात एवढे असते. पण डास हा गुन्हेगार आहे हे कळल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि त्यात रॉस यांची पुढची अनेक वर्षे गेली. किती डास कमी केले म्हणजे रोगाचा फैलाव थांबेल?

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील भारतातील इंग्रजी फौजेत अधिकारी होते. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. त्याला कवी किंवा चित्रकार व्हायचे होते. वडिलांना तो सैन्याचा डॉक्टर व्हायला हवा होता. वडिलांचे म्हणणे खरे झाले आणि १८८१ मध्ये रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. मद्रास इलाख्यात नोकरी करताना डॉक्टरसाहेब फावल्या वेळी कविता, कादंबऱ्या आणि गणित यांत बुडालेले असत. गणित ते आपले आपण शिकले. त्या काळी हा छंद कोणाला बिनकामाचा वाटला असेल तर नवल नाही.

१८८३ मध्ये ते बंगळूरला होते. बंगल्यात डासांनी हैराण केले म्हणून त्यांनी शोध घेतला, तेव्हा खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे करताच डास कमी झाले. मेसजवळची इतर पिंपेही रिकामी करावीत असे त्यांनी ॲडज्युटंटला सुचवले, पण तो सृष्टिक्रमात ढवळाढवळ करायला तयार झाला नाही! डासाचा हिवतापाशी संबंध आहे हे तेव्हा रॉस यांनाही ठाऊक नव्हते.

ती वाट त्यांना १८९४ मध्ये, रजेवर लंडनला गेले असताना, पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवली. लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले होते. ते रक्तातून बाहेर पडतात कसे? मॅन्सन यांना डासाचा संशय होता. रॉस भारतात परतले आणि डास फाडू लागले. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी त्यांना भेटला. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. शेकडो डास वाया गेले. मध्येच कॉलऱ्याच्या साथीसाठी बंगळूरला जावे लागले, उटीच्या बाजूला हिंडताना स्वतःलाच हिवताप झाला. शेवटी पंखांवर ठिपके असलेल्या एका जातीच्या डासाने गुपित सांगितले.

आणि लगेच बदलीचा हुकूम आला. कॅडेट मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ऐन वेळी येणाऱ्या पोस्टिंगची सवय असेल. रॉस यांना राजपुतान्यात खेरवाड्याला पाठवले, जिथे हिवतापाचा रोगी मिळणेच मुश्कील होते. मॅन्सन यांनी वर शब्द टाकल्यावर १८९८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला नेमणूक मिळाली. तिथे प्लेगच्या टोचणीची भीती पसरली होती, बोटाला सुई लावू द्यायला कोणी तयार होईना. म्हणून त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले आणि जुलैमध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतात हे सिद्ध केले. माणसाच्या बाबतीतला पूर्ण प्रवास त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. श्रेयावरून रॉस ग्रासींशी वर्षानुवर्षे भांडत राहिले. मन मोठे करायला हरकत नव्हती, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता.

१८९९ मध्ये नोकरी सोडून ते लिव्हरपूलला शिकवू लागले. डासांची डबकी बुजवा, रॉकेल टाका, पाणी वाहते करा, असे ते जगाला सांगत होते. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलियात हे जमले. पण लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत फसले. तिथे १९०२ च्या सुमारास डास हटवण्याचा प्रयोग झाला. पलटणीतले हिवतापाचे आकडे म्हणावे तसे उतरले नाहीत आणि डास मारणे हा फुकटचा खर्च आहे असे पुष्कळ अधिकाऱ्यांचे मत झाले. हा रॉस यांना मोठा धक्का होता. त्यांचे म्हणणे असे की प्रयोगाआधी किती डास होते आणि किती माणसे आजारी होती हे कोणी धड मोजलेच नव्हते. छावणीत कालव्याचे पाणी खेळत होते, साफ केलेला भाग लहान होता, बाहेरून डास येतच होते.

ही तक्रार करून ते थांबले असते तर तो नुसता वाद ठरला असता. रॉस यांनी वही उघडली. एक वर्तुळ साफ केले तर त्याच्या मध्यावर किती डास उरतील? डास दिशा न धरता भरकटत उडतो, त्यामुळे जन्मस्थानापासून फार लांब जात नाही. वर्तुळाच्या काठावर डास निम्मेच घटतील, आत जावे तसे अधिक घटतील. हा हिशेब त्यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या परिषदेत मांडला. मियां मीरच्या अपयशाचे उत्तर त्यात होते, पण ऐकणारे डॉक्टर होते आणि समोर गणित होते.

१९०७ च्या नोव्हेंबरात ते मॉरिशसला गेले. उसाच्या मळ्यांसाठी भारतातून हजारो मजूर त्या बेटावर गेले होते. मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली मराठी माणसेही त्यांत होती. १८६५ पर्यंत बेटावर हिवताप नव्हता. मग जहाजांमधून जंतूही आला आणि तो वाहणारा डासही, असा अंदाज आहे. १८६७ च्या एका वर्षात बेटावरचा जवळजवळ दर दहावा माणूस दगावला. साथ किनाऱ्याने पसरली, आणि ज्यांना परवडले ते पोर्ट लुईस सोडून क्युरपीपच्या उंच पठारावर राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे रोग तिथेच मुक्कामाला होता.

रॉस यांनी मुलांच्या पोटाला हात लावून पाणथरी वाढली आहे का ते तपासायला लावले. हिवताप पुन्हा पुन्हा झाला की पाणथरी सुजते. तीस हजारांहून अधिक मुले तपासली गेली आणि सुमारे एकतृतीयांश मुलांची पाणथरी वाढलेली निघाली. कोणत्या मळ्यावर किती, कोणत्या गावात किती, हे कागदावर आले. जंतू आणि डास दोन्ही असूनही कुठे रोग भरमसाट तर कुठे तुरळक, हे कशामुळे?

त्यांच्या हिशेबाचे एक उदाहरण बघा. गावात माणशी ४८ डास आहेत असे धरा. एका रोग्याच्या वाट्याच्या ४८ पैकी १२ डासांनाच त्याला चावायला मिळते. पोटात जंतू तयार होईपर्यंत त्या १२ पैकी ४च जगतात. त्या ४ पैकी एकालाच पुन्हा माणूस सापडतो. म्हणजे ४८ डास मिळून एक नवा रोगी! डास जसे कमी होतील तसे नवे रोगी कमी, आणि एका ठरावीक संख्येच्या खाली गेले की नव्या रोग्यांपेक्षा बरे होणारे जास्त. मग साथ आपोआप विझत जाते. शेवटचा डास मारावा लागत नाही. १९१० च्या त्यांच्या हिवतापावरील ग्रंथात हा हिशेब आहे, आणि १९११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो कॅल्क्युलसच्या समीकरणांत मांडला आहे. मद्रासच्या दिवसांतला छंद असा कामी आला.

डॉक्टरांनी ती पाने बहुधा उलटून टाकली. वाचणारा एक होता: इंडियन मेडिकल सर्व्हिसमधलाच अँडरसन मॅकेन्ड्रिक. १९०१ मध्ये तो रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनला गेला होता; नंतर कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख झाला. प्रकृती बिघडल्याने तो स्कॉटलंडला परतला. तिथे एडिंबरोत त्याला कर्मॅक नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ भेटला. प्रयोगशाळेतील अपघातात कर्मॅकची दृष्टी गेली होती, त्यामुळे तो समीकरणे डोक्यातच सोडवी.

१९२७ च्या जानेवारीत वृद्ध रॉस कलकत्त्याला आले होते. जिथे त्यांनी काम केले त्या इस्पितळाशी त्यांच्या स्मरणार्थ कमान उभारली होती. त्याच वर्षी पुढे मॅकेन्ड्रिक आणि कर्मॅक यांचा लेख छापून आला. कोणतीही साथ कशी चढते आणि माणसे शिल्लक असतानाही कशी उतरते, याचे गणित त्यात आहे, आणि आज साथीचा अंदाज बांधणारे त्याच पायावर काम करतात. पडताळ्यासाठी त्यांनी घेतलेले आकडे मुंबईचे होते: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, प्लेगने दर आठवड्याला किती माणसे गेली ते. आलेखावर एकेका आठवड्याचा एकेक ठिपका आहे, आणि समीकरणातून निघालेली रेषा त्या ठिपक्यांना जवळजवळ चिकटून चढते आणि उतरते. रॉस १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये वारले.