पंडिता रमाबाई

1874 चा सुमार. दक्षिण हिंदुस्थानात एक विद्वान परंतु निर्धन कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडत होते. दुष्काळाने सारा मुलूख ग्रासला होता. जवळचे किडूकमिडूक विकून झाले आणि अखेर झाडपाला खाऊन दिवस कंठण्याची वेळ आली. काही महिन्यांच्या अवधीत प्रथम पित्याने, मग मातेने व त्यानंतर थोरल्या बहिणीने इहलोक सोडला. मागे उरली ती दोन भावंडे. त्यांतील सोळा वर्षांची मुलगी म्हणजेच पुढे कीर्ती पावलेल्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हा अधर्म समजला जाई, त्या काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला ती भाषा शिकविली होती. आईकडून रमाबाईंना विद्या लाभली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. परंतु दैवाने त्यांची पाठ सोडली नाही. भाऊ वारला, 1882 मध्ये पतीही निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा होती.

वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण श्रवणशक्ती मंद असल्यामुळे तो हेतू साधला नाही. तेथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. ही दया कोठून उपजते, या प्रश्नाने त्यांना येशूच्या चरित्राकडे नेले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे स्वदेशातील अनेक जण दुखावले; तरी त्या आपल्या निश्चयापासून ढळल्या नाहीत.

येशूने इतरांसाठी क्रूसावर यातना सोसल्या, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. नुसते दुःख भोगणे म्हणजे पुण्य, असा याचा अर्थ नव्हे. दुःख कोणाला चुकले आहे? मात्र आपण भोगलेले दुःख दुसऱ्याचे दुःख ओळखण्याच्या व हलके करण्याच्या कामी येते, तेव्हा त्याला त्यागाचे मोल चढते. रमाबाईंच्या जीवनात याची कसोटी लवकरच लागली.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस ‘शारदासदन’ ही विधवांसाठी शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्यास आली. 1893 मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. भंडारा जिल्ह्यातील आमच्या लाखनीचा मुलूखही त्या वेळी याच प्रांतात मोडत असे. भुकेल्यांची वार्ता कानी पडताच रमाबाईंच्या डोळ्यांपुढे आपले मायबाप उभे राहिले. ती आठवण पुसून टाकावी असे वाटण्याजोगीच होती. पण तिला पाठ न दाखविता त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे त्यांना केडगाव येथील शेतावर ठेवावे लागले. तेथेच ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. तेथे मुली लिहू-वाचू लागल्या. शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. मनोरमाबाई अंध मुलींना बोटांच्या स्पर्शाने वाचावयास शिकवीत.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई मृत्यू पावल्या. या आघातानंतरही रमाबाई बायबलाच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासीत राहिल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले हे काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

ज्या भुकेने त्यांचे घर उद्ध्वस्त केले, तिच्याच आठवणीने शेकडो अनाथांना घर दिले. केडगावचे ते घर आजही निराधारांना आसरा देत आहे.

स्वाध्याय

1. रमाबाईंच्या बालपणी त्यांच्या कुटुंबावर कोणते संकट ओढवले?
2. दुःखाला त्यागाचे मोल केव्हा चढते, असे लेखकाने म्हटले आहे?
3. दुष्काळाची वार्ता ऐकून रमाबाईंनी काय केले? का?