कैदी ते रॉकेटचे जनक: सर्गेई कोरोलेव, ज्यांचं नाव देशानेच लपवून ठेवलं

एका खंडातून दुसऱ्या खंडापर्यंत मारा करणारं जगातलं पहिलं क्षेपणास्त्र सोव्हिएत रशियाच्या सर्गेई कोरोलेव यांनी बनवलं. पण ते जिवंत असेपर्यंत त्यांच्याच देशातल्या जनतेला हे नाव ठाऊक नव्हतं.

कोरोलेव यांचा जन्म १९०७ चा, युक्रेनमधल्या झितोमीरचा. आई-वडील वेगळे झाले, पोरगं आजी-आजोबांकडे वाढलं. बांधकामाच्या शाळेत त्यांनी कौलं घालायचं काम शिकून घेतलं. पुढे मॉस्कोत विमानाचं शिक्षण झालं. १९३३ साली त्यांच्या गटाचं पहिलं रॉकेट उडालं.

१९३८ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीत त्यांना खोट्या आरोपाखाली अटक झाली. मारहाण करून कबुली घेतली आणि रवानगी झाली थेट सैबेरियाच्या टोकाला, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत. थंडी, उपासमार आणि आजाराने दात पडले. मरता मरता वाचले. १९४० मध्ये मॉस्कोला परत आणलं, तेही कैदी म्हणूनच. तिथे विमानांच्या आराखड्यांवर काम करून घेतलं. सुटका झाली १९४४ ला.

युद्धानंतर त्यांनी जर्मनीत जाऊन तिथल्या व्ही-२ रॉकेटचा अभ्यास केला. सरकारला अमेरिकेपर्यंत अणुबॉम्ब नेणारं क्षेपणास्त्र हवं होतं. त्यातून आर-७ तयार झालं. मधे एक आणि भोवती चार असे त्याचे पाच भाग. आकाशात गेल्यावर इंजिन पेटेलच याची खात्री नव्हती, म्हणून पाचही भागांची इंजिनं जमिनीवरच पेटवायची.

मे १९५७ ची पहिली चाचणी फसली. २१ ऑगस्टला मात्र कझाकस्तानातून सुटलेलं आर-७ सुमारे ६,००० किलोमीटरवरच्या कामचात्कापर्यंत पोचलं.

शस्त्र म्हणून ते अवघडच होतं. इंधन भरायलाच कित्येक तास लागायचे. पण ताकद जबरदस्त. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्याने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडला. १९६१ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉकेटने युरी गागारिन अंतराळात गेले. गागारिन जगभर गाजले. कोरोलेव यांचा उल्लेख मात्र फक्त 'मुख्य डिझायनर' एवढाच व्हायचा.

१४ जानेवारी १९६६ ला शस्त्रक्रियेदरम्यान त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच वर्तमानपत्रात त्यांचं नाव आणि फोटो छापून आला. ज्या सरकारने खाणीत धाडलं, त्यानेच त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत मानाने ठेवल्या.

१९८४ मध्ये आपले राकेश शर्मा अंतराळात गेले, ते रॉकेटही याच आर-७ च्या घराण्यातलं.