कोशकार नोआ वेब्स्टर

अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी १६ ऑक्टोबर १७५८ रोजी नोआ वेब्स्टरचा जन्म झाला. त्या काळी या प्रांतावर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. नोआला लहानपणापासून वाचनाचा विलक्षण नाद होता. मुलाची ज्ञानलालसा पाहून वडिलांनी आपली जमीन गहाण टाकली आणि त्याला येल येथील महाविद्यालयात धाडले. पुढे ती जमीन त्यांच्या हातून गेली.

१७७८ मध्ये नोआ पदवीधर झाला. वडिलांनी आठ डॉलरची एक नोट त्याच्या हाती ठेवली आणि यापुढे त्याने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे सांगितले. स्वातंत्र्ययुद्ध चालू असल्यामुळे त्या नोटेचे मोलही घसरले होते. उदरनिर्वाहासाठी नोआ शिक्षक झाला.

शाळांतील पुस्तके इंग्लंडहून येत. युद्धामुळे ती मिळेनाशी झाली. राज्य आपले, मग पुस्तके परक्यांची का, हा विचार वेब्स्टरला स्वस्थ बसू देईना. १७८३ मध्ये त्याने मुलांसाठी शब्दांची वर्णरचना व उच्चार शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. निळ्या पुठ्ठ्याच्या या पुस्तकाच्या पुढील शंभर वर्षांत कोट्यवधी प्रती खपल्या. अमेरिकेतील कित्येक पिढ्या त्यावरच वाचावयास शिकल्या.

एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. १८०६ मध्ये त्याने एक लहान शब्दकोश काढला आणि मग मोठ्या कोशाचे काम हाती घेतले. शब्दांची मुळे शोधण्यासाठी त्याने संस्कृतसह अनेक भाषांचा अभ्यास आरंभिला. गोलाकार मेजावर निरनिराळ्या भाषांचे कोश मांडून तो दिवसभर एका ग्रंथाकडून दुसऱ्याकडे सरकत असे. उतारवयात जुने ग्रंथ पाहण्यासाठी तो फ्रान्स व इंग्लंडला गेला. १८२५ मध्ये केंब्रिज येथे अखेरचा शब्द लिहिताना त्याचा हात थरथरू लागला. १८२८ मध्ये सुमारे सत्तर हजार शब्दांचा तो कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

वर्णरचना सोपी असावी, असा वेब्स्टरचा आग्रह होता. 'कलर' या शब्दातील 'यू' हे अक्षर त्याने गाळले. 'सेंटर' या शब्दाच्या शेवटी 'आर-ई' ऐवजी त्याने 'ई-आर' लिहिले. यांपैकी काही रूपे पूर्वी इंग्लंडातही आढळत. वेब्स्टरने त्यांना कोशात मानाचे स्थान दिले. 'म्यूझिक' या शब्दाच्या शेवटचा 'के' पुढे इंग्लंडनेही टाकला. परंतु जीभ या अर्थाचा 'टंग' हा शब्द 'टी-यू-एन-जी' असा लिहावा, ही त्याची सूचना कोणीच मानली नाही. कोशकार वाट दाखवतो. तिने जायचे की नाही, हे मात्र लोक ठरवतात. स्कंक हा प्राणी, हिकरी हा वृक्ष अशी अमेरिकेच्या भूमीतील नावेही त्याने कोशात घेतली.

त्याने शोधलेल्या शब्दांच्या व्युत्पत्ती पुढे बऱ्याच अंशी चुकीच्या ठरल्या. त्याने दिलेले अर्थ मात्र आपल्या नेमकेपणामुळे टिकले. कोशाची किंमत वीस डॉलर असल्याने त्याचा खप बेताचाच झाला. तरीही दुसऱ्या आवृत्तीसाठी ऐंशी वर्षे ओलांडलेल्या वेब्स्टरने आपले घर गहाण टाकले. वडिलांनी एका मुलाच्या विद्येसाठी जमीन पणाला लावली होती. त्या मुलाने साऱ्या राष्ट्राच्या विद्येसाठी घर पणाला लावले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्याचे देहावसान झाले.

आपल्या शाळांत इंग्लंडची वर्णरचना शिकवितात. संगणकावर मात्र 'कलर' हा शब्द अनेकदा 'यू' वाचून दिसतो. तेथे छपाईची चूक झालेली नसते. ती निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या कर्त्याची खूण होय.