कॅप्टन जटार आणि 'काश्मीर प्रिन्सेस'

आपल्या सुरतेतून जहाजे हजला निघत, त्या काळी पाण्यावर नाखुद्याचा शब्द अखेरचा असे. मालाचा धनी कितीही मोठा सावकार असो, एकदा नांगर उचलला की हुकूम नाखुद्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. विमानातही तसेच. कमांडर म्हणून बसलेल्याने निर्णय घ्यायचा आणि तो निभवायचा. म्हणून यंदा कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांची आठवण.

जटार एअर इंडिया इंटरनॅशनलचे वैमानिक. तेव्हा परदेशी मार्गांवर चार इंजिनांची कॉन्स्टेलेशन विमाने होती आणि त्यांना राजकन्यांची नावे होती. 'मलबार प्रिन्सेस' १९५० साली माँ ब्लांवर आदळून ४८ जण गेले होते. कॉकपिटमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

११ एप्रिल १९५५ रोजी जटार 'काश्मीर प्रिन्सेस' घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेला जाणारे ११ प्रवासी, बहुतेक चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार, कर्मचारी ८. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय याच विमानाने जाणार अशी समजूत होती, पण ते आले नाहीत. हाँगकाँगच्या मुक्कामात कोणीतरी चाकांच्या कप्प्यात कालबाँब ठेवला होता. जटारांना याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

सुमारे पाच तासांनी, १८,००० फुटांवर, स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरू लागला. खाली दक्षिण चीन समुद्र, जवळ धावपट्टी नाही. काय झाले याचा शोध घेत बसायला वेळ नव्हता. इंधनाची टाकी पंखातच असते. जटारांनी तीन नंबरचे इंजिन बंद करून त्याचा पंखा फेदर केला, म्हणजे पाती वाऱ्याच्या धारेला लावली. विमान समुद्राकडे वळवले. रेडिओ बंद पडण्यापूर्वी नातुना बेटांजवळचे ठिकाण सांगणारे तीन संकटसंदेश गेले. तोवर मागे ग्लोरिया बेरी आणि सहकारी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देत होते. बाहेर पडता यावे म्हणून संकटकालीन दारे उघडण्यात आली. एकेक यंत्रणा निकामी होत गेली, धुराने समोरचे दिसेना. तरी जटार जागेवरच होते.

उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. १६ जण गेले, त्यांत जटार आणि ग्लोरिया बेरीही. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक हे तिघे वाचले.

विमान पाण्यावर अलगद उतरले नाही, म्हणून जटारांचा प्रयत्न फसला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जळते विमान हवेतच फुटले असते, तर तिघेही उरले नसते आणि घातपाताची हकिगत सांगायलाही कोणी नसते. कर्णिकांनी पुढे त्या दिवसावर 'काश्मीर प्रिन्सेस' याच नावाचे पुस्तक लिहिले. जटारांना सरकारने मरणोत्तर अशोकचक्र दिले.