विश्लेषण : भटक्या कुत्र्यांवरून मुंबईत दंगल का झाली होती? जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यावर काय तोडगा काढला?

भटकी कुत्री मारायची, निवाऱ्यात ठेवायची की नसबंदी करून सोडायची? कोल्हापूरलगतच्या गडमुडशिंगीसारख्या गावांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेला हा प्रश्न मुंबईत १८३२ मध्येच पेटला होता. त्यानंतर प्राण्यांसाठी जो आसरा उभा राहिला, त्यामागे जे. जे. रुग्णालयाचे जमशेटजी जीजीभॉय होते.

कोण होते जमशेटजी?

जन्म १७८३ चा. लहान वयातच आई-वडील गेले आणि ते मामांच्या जुन्या बाटल्यांच्या धंद्यात आले. हेच मामा पुढे सासरे झाले. चीनच्या पाच सफरी, त्यातल्या एकीत फ्रेंचांच्या हाती सापडणे, असे धक्के खात त्यांनी कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा कमावला. दानधर्मामागे अफूचाही पैसा होता, हे नजरेआड करता येत नाही.

जून १८३२ मध्ये काय घडले?

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा ब्रिटिशांचा हुकूम होता. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्यामुळे शिपाई घराच्या आवारातली कुत्रीही उचलत, अशी तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. अंत्यविधीतील ‘सगदीद’मध्ये पार्थिव कुत्र्याला दाखवले जाते. ६ जूनला, सणाच्या दिवशी, पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि फौजेची रसदही अडली. अखेर सैन्य आले, धरपकड झाली. पुढच्या तडजोडीत जमशेटजींसारखे शेठ मध्यस्थ होते. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, अशी मागणी पुढे आली.

पण बाहेर नेऊन ठेवायची कुठे? जमशेटजी आणि त्यांचे जैन भागीदार मोतीचंद अमीचंद यांनी १८३४ मध्ये भुलेश्वरजवळ पांजरपोळ सुरू केली. पारशी आणि जैन यांची श्रद्धा वेगळी, पण जीव वाचवण्यावर त्यांचे एकमत झाले.

मग प्रश्न सुटला का?

नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते. निवाऱ्यात आलेल्या प्राण्याला मरेपर्यंत सांभाळावे लागते. बाहेर पिल्ले जन्मत राहतात, आतली जागा मात्र तेवढीच. बरा न होणारा, वेदनेने तळमळणारा प्राणी जगवत ठेवायचा की त्याला सुखाने मरू द्यायचे? अहिंसेवर उभ्या असलेल्या पांजरपोळांनी दुसरा पर्याय नाकारला आणि त्यासाठी इंग्रजांची टीकाही झेलली. त्या काळी भटक्या कुत्र्यांची नसबंदी होत नव्हती, रेबीजची लसही नव्हती. ती १८८५ मध्ये आली. प्राण्यांसाठी परळचे बाई साकरबाई रुग्णालयही १८८० च्या दशकातलेच.

आज काय स्थिती आहे?

२०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच जागी सोडायचे असते. ही जबाबदारी स्थानिक संस्थांची आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्यास सांगितले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची सोडण्यास मुभा दिली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानकांच्या आवारातील कुत्री हलवण्याचा आदेश आला. म्हणजे पुन्हा जागा, खाद्य आणि माणसे यांचाच हिशेब.

जमशेटजी १४ एप्रिल १८५९ रोजी वारले. भुलेश्वरची पांजरपोळ अजून सुरू आहे. तिथे आता मुख्यतः गाई आहेत.