गाडगेबाबा गावात आले की आधी काय करायचे?

सेवासंस्था म्हटली की आज फलक, पदाधिकारी, सत्कार आलेच. शेंडगावच्या (जि. अमरावती) डेबूजी जानोरकरांकडे फक्त खराटा होता. गावात शिरताच झाडलोट, रात्री कीर्तन. त्यात प्रश्न तेच विचारायचे, उत्तर लोकांनी द्यायचे. १९०५ मध्ये घर सोडले. ऋणमोचनला घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यातली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये थेट बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बाकी कारभार विश्वस्तांकडे, घरच्यांचा हक्क शून्य. हे सोपे नव्हते. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेल्याचा निरोप कोकणात कीर्तन सुरू असतानाच आला. कीर्तन थांबले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर बाबांनी गाडीतच प्राण सोडला.